फळीवरचा तांब्या

त्या वर्षी धरणात पाणी इतकं कमी होतं, की मासे एकमेकांना वाट देण्यासाठी रांगेत उभे राहत. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यानं सांगितलं तो माझ्याइतकाच खरं बोलणारा माणूस आहे. ऊन तर असं, की भर दुपारी झाडांच्या सावल्या बुंध्याला चिकटून बसत. जरा लांब हातपाय पसरायची त्यांचीही छाती होत नसे.

अशा दिवसांत आमच्या पाटकऱ्याचे डोळे गेले. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा. पाट धरणातून निघतो, गावाच्या वरच्या अंगानं येतो आणि उतरत उतरत खाली जातो. दोन्ही हातांना शेतं. प्रत्येक शेताला एक लोखंडी दार आणि सगळ्या दारांना मिळून एकच चावी, हातभर लांबीची, विळ्यासारखी वाकलेली. ती ज्याच्या खांद्यावर तो पाटकरी. तो दार उघडणार, पाळी संपली की बंद करणार, पुढं जाणार.

जुना पाटकरी मनानं चांगला, पण त्याला गप्पांचा भारी नाद. एखादी झकास गोष्ट सांगितली की तो दारापाशी बसकण मारायचा आणि इकडं वाफे तुडुंब भरायचे. त्या काळात माझी वांगी पाहायला लोक लांबून यायचे. पण पाणी भरपूर असतं तेव्हा कुणी बोलत नाही. पाणी आटलं आणि लोक बोलायला लागले. कुणी त्याला चहा पाजतो, कुणी त्याच्या नातवाला पेरू देतो, असं चव्हाट्यावर निघालं. त्यात तो एके दिवशी स्वतःच्या सासऱ्याला चोर समजून पाटात ढकलून मोकळा झाला, तेव्हा चावी काढून घ्यावीच लागली.

"आता माणूस कडक पाहिजे," पाणी संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "लाडीगोडी न चालणारा."

सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. घड्याळवाला.

घड्याळवाला माझा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही अशी की तिकडं कुणी सुस्कारा टाकला तर इकडं दिवा हलायचा. बापाचं जुनं मनगटी घड्याळ तो आंघोळीलाही काढत नसे. कामाला वाघ. पाटाचा कुठला बांध कुठं पाझरतो, कुठलं दार कुठं अडकतं, सगळं तोंडपाठ. बिडी नाही, काडी नाही. कुणाचा रुपया हाताला लावून घेणार नाही, कुणाचा पेरूही खाणार नाही. माणसात खोड काढायची म्हटली तर सापडू नये असा.

घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. आईचे पाय गेलेले. खिडकीखालच्या खाटेवर ती पडून असायची, अंगावर एक धुवट पांघरूण, भर उन्हाळ्यातसुद्धा. सगळं गाव तिला आजी म्हणायचं. सून दिवसभर शेतात राबायची. त्यांचं शेत पाटाच्या अगदी टोकाला. तिथवर पाणी पोचेपर्यंत त्याला घाम फुटायचा. सुनेनं तिथं कोबी लावला होता. एकेक रोप बोटानं खड्डा करून, एकेकाला ओंजळीनं पाणी घालून. पानं नुकती आत वळायला लागली होती. एवढ्यात पाणी मिळालं तर गड्डा भरणार, नाहीतर पानं उघडी पडून वाळणार. वर्षाचं सगळं त्या कोबीवर होतं.

आणि पाटकऱ्याच्या शेताला पहिली पाळी, हा आमच्याकडचा जुना रिवाज. त्याचा पगार नावाला. खरा पगार ही पहिली पाळी. नवरा पाटकरी झाला तर कोबी तरणार, हे सुनेला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता आमच्या पाणी संस्थेचा एक नियम आहे. आमच्या आधीच्या कुणा शहाण्यानं घालून दिलेला. ज्याला चावी द्यायची त्याला काही विचारायचं नाही; त्याच्या घरच्यांना विचारायचं. घरी जायचं, बसायचं, आणि त्याच्या हाताखाली जे जगतात त्यांना एवढंच विचारायचं, "याच्या हाती पाणी द्यावं का?" शहाण्याचा हेतू काय होता ते शहाण्यालाच ठाऊक. पुढं पुढं त्याचा चहा झाला. मंडळी जायची, चहा प्यायची, घरची माणसं हसून मान हलवायची, की झालं.

तसेच अध्यक्ष आणि सुतारकाका घड्याळवाल्याकडं गेले. पाटाची दारं आणि फळ्या दुरुस्त करणारे म्हणून सुतारकाकांना मान. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण शेजारी चहा होतोय आणि मी भिंतीला कान लावून बसलोय हे मला शोभलं नसतं, म्हणून मीही गेलो.

खोली स्वच्छ. इतकी, की माशी बसली असती तर तिला ओशाळं वाटलं असतं. आजी खाटेवर. समोरच्या भिंतीला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर एक फळी, फळीवर पाण्याचा तांब्या आणि त्यावर पालथं फुलपात्र.

"हा तांब्या एवढ्या लांब कसा रे?" सुतारकाकांनी सहज विचारलं. "आजीला लागत असेल की घोटभर."

"वेळेवर देतो," घड्याळवाला म्हणाला. "उशाशी ठेवलं तर येता-जाता पीत राहते. मग बाहेर न्यावं लागतं. एकदा शिस्त लागली की तिलाही बरं, आम्हालाही."

"वा!" अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या घरात कुणी त्यांचं ऐकत नसे. "बघा. याला म्हणतात शिस्त."

अध्यक्षांना तहान लागली होती. त्यांनी उठून तोच तांब्या काढला, दोन फुलपात्रं पाणी घशाखाली घातलं, मिशा पुसल्या, तांब्या परत फळीवर ठेवला. आजी त्यांच्या घशाकडं पाहत होती. मला वाटलं, म्हातारी माणसं अशीच कुठंतरी बघतात.

चहा आला. अध्यक्षांनी घसा साफ केला. "बोल सूनबाई. याच्या हाती पाणी द्यावं का?"

सून दारात उभी होती, हातात रिकामा ट्रे. घड्याळवाला भिंतीला टेकून घड्याळाला चावी देत होता. तिनं एकदा खाटेकडं पाहिलं, एकदा फळीकडं. मग बाहेर, जिकडं शेत होतं तिकडं.

"घोटभरसुद्धा जास्त कुणाला देणार नाहीत," ती म्हणाली. "माणूस तडफडत असला तरी नाही. आम्ही असलो तरी नाही."

अध्यक्ष मांडीवर थाप मारून हसले. "झालं! अहो, घरच्यांनाही जो सोडत नाही, तो गावाला काय सोडणार? असाच माणूस पाहिजे."

आम्ही सगळे हसलो. सून हसली नाही. तिनं कप गोळा केले. खाटेकडं बोट करून सुतारकाका म्हणाले, "आजीला?" तर अध्यक्ष उठलेच. "आईला काय विचारायचं? आई ती आई. ती का नाही म्हणणार आहे?"

चावी घड्याळवाल्याच्या खांद्यावर आली. आधी एका हंगामापुरती. कायम करायची की नाही, ते मग पुन्हा विचारून ठरायचं होतं.

पहिल्याच दिवशी पाटावर माणसं जमली. घड्याळवाला बांधावर उभा राहून म्हणाला, "माझ्या शेताला पहिली पाळी नको. मी शेवटी घेईन. कुणी म्हणायला नको की चावी हातात आली आणि आपलंच भिजवलं."

लोकांनी माना डोलावल्या. कुणी टाळ्याही वाजवल्या. असा माणूस लाखात एक, असं तिथल्या तिथं ठरलं. सून घमेलं डोक्यावर घेऊन बांधाखाली उभी होती. तिनं घमेलं खाली ठेवलं आणि ती त्याच्यावर बसली. सकाळचंच ऊन होतं, पण ती अशी बसली की जणू दिवसभराचं काम उरकून आलीय.

घरी मला भिंतीतून ऐकू आलं.

"अहो, कोबी जाईल."

"जाऊ दे."

"मी लावलाय तो. पाठ मोडून."

"आणि नाव कुणाचं जाईल?" मग चावी कोपऱ्यात ठेवल्याचा आवाज. "मी बोललोय. आता वेळ गेली."

हे दोन शब्द पुढं सगळ्या पाटानं ऐकले. वेळ गेली.

नियम असा होता, की पाळी आली की शेताच्या माणसानं आपल्या दारापाशी हजर असावं. नसला तर पाळी पुढं. जुना पाटकरी हाका मारायचा, शिट्टी घालायचा, वाट बघायचा, तोवर बिडी ओढायचा. घड्याळवाला थांबत नसे. माणूस दिसला की दार उघड, नाही दिसला की पुढं. पहिले काही दिवस पाणी खरंच सरळ चाललं. लोक खूश. मी गोष्ट सांगायला गेलो तर म्हणाला, "आजोबा, तुमची पाळी उद्या. गोष्ट तोवर जपून ठेवा." माझी वांगी तेव्हापासून सुपारीएवढी राहिली, पण मी म्हटलं, चला, न्याय तरी झाला.

मग तो पाटात पडला.

घड्याळाकडं बघत बांधावरून चालला होता. शेवाळावर पाय सरकला आणि चावीसकट आत. पाणी पोटरीभर, काही बुडण्याचं भय नाही. पण पडताना त्यानं घड्याळाचा हात असा उंच धरला होता की सगळा माणूस ओला, मनगट कोरडं. गवंडीण समोरच्या वाफ्यात मिरची खुडत होती. ही गवंड्याची विधवा. नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला, मागं मिरचीचा तुकडा आणि एक म्हैस ठेवून. जिभेनं तिखट, हसायची तर सगळं अंग हलायचं.

"पाटकरीबुवा," ती म्हणाली, "आज पहिली पाळी स्वतःलाच घेतली वाटतं!"

आजूबाजूचे खो-खो हसले. घड्याळवाला उठला, चावी उचलली, घड्याळ कानाला लावून बघितलं आणि पुढं गेला.

त्यानंतरच्या पाळीला तो गवंडिणीच्या दाराशी जरा लवकर पोचला. फार नाही, ती म्हशीला झाडाखाली बांधून येईल एवढंच. ती धावत आली तेव्हा पाणी पुढच्या दाराला लागलं होतं.

"अहो, ही काय मी! समोर तर होते!"

"दारापाशी नव्हतात. वेळ गेली."

पुढच्या वेळी ती पहाटेपासून दारापाशी बसली. ऊन चढलं, डोक्यावर पदर, पदरावर ओला फडका. ओला फडका वाळला. तो वरच्या दारांपाशी रेंगाळत होता. कुठं कचरा काढ, कुठं फळी ठोक. नियमात कुठंही लिहिलेलं नव्हतं की कचरा काढू नये. शेवटी बाईमाणूस, किती वेळ आवरून बसणार? ती झुडपाआड गेली. परत येऊन पाहते तो दार बंद, आणि घड्याळवाला पाठमोरा, चावी खांद्यावर, सावकाश चाललेला.

तिच्या मिरचीची पानं मुठी आवळल्यासारखी झाली.

त्यानंतर सून आपलं खुरपं टाकून तिच्या दारापाशी येऊन उभी राहिली. "तुम्ही जा कुठं जायचं तर," ती गवंडिणीला म्हणाली. "मी थांबते."

"तू कशाला? तुझं काम पडलंय."

"माझ्या कामाला पाणी लागतं. ते नाही, तर काम कुठलं?"

दोघी बांधावर बसल्या. गवंडिणीनं टाचेतला काटा काढायला पाय मांडीवर घेतला. दोघींच्या टाचा सारख्याच, भेगाळलेल्या.

"एकदा हसले गं," गवंडीण म्हणाली. "तेवढंच. माझा नवरा असता तर तो माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त हसला असता."

"आमच्याकडं हसत नाहीत."

"मग करता काय?"

"वेळ बघतो."

गवंडीण हसायला गेली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. तेवढ्यात ती म्हशीकडं गेली आणि घड्याळवाला आला. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती दाराच्या लोखंडावर हात ठेवून उभी राहिली.

"शेत तुझं आहे?"

"नाही."

"मग बाजूला हो."

"त्या इथंच आहेत. हाक मारली तर ऐकू जाईल."

त्यानं घड्याळ बघितलं. चावी पुढच्या दाराला लावली. "वेळ गेली," तो म्हणाला, आणि तिच्या हाताखालच्या बंद दाराला वळसा घालून पाणी पुढं निघून गेलं.

टोकाला, त्यांच्या स्वतःच्या शेताला पाणी पोचायचं ते बोटभर धार म्हणून. सून त्या गढूळ धारेपाशी गुडघे टेकून बसायची आणि ओंजळीनं एकेका कोबीच्या बुडाशी घालायची. एका ओळीपर्यंत जायचं, परत यायचं. गुडघ्यांना चिखलाच्या वाट्या बसल्या होत्या. घड्याळवाला वेळ संपताच स्वतःच्या शेताचंही दार बंद करायचा, धार असो नसो. बघणारे म्हणत, "काय न्यायी माणूस!" बायको ओंजळ तशीच धरून बसायची. बोटांतून गळून जायचं.

पण त्याही दिवसांत ती एक गोष्ट चुकवत नसे. दुपारी तो पाटावर असला की घरी यायची, फळीवरचा तांब्या काढायची आणि आजीच्या उशाशी ठेवायची.

"पिऊन घ्या, आई. मागाहून मी नेते तुम्हाला बाहेर."

"तुझी पाठ राहील का?"

"पाठ काय, आहेच."

त्याच्या सायकलची साखळी कव्हरला घासायची. ते खर्र-खर्र गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं, की तांब्या परत फळीवर. मी भिंतीपलीकडून रोज ऐकायचो: आधी खर्र-खर्र, मग फळीवर पितळ टेकल्याचा आवाज, मग दार. इतकं बिनचूक, की मला वाटायचं घड्याळ या घरात दोन आहेत.

मिरची हातची जायला लागली तेव्हा गवंडीण माफी मागायला आली. ती घड्याळवाल्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तो जेवत होता. त्यानं पाहिलं आणि जेवत राहिला. ताट संपवलं, हात धुतला, पुसला, घड्याळाला चावी दिली. ती उभीच. सुनेनं आतून पाट आणला बसायला, तर त्यानं नुसतं पाहिलं आणि पाट दारातच राहिला.

"चुकलं माझं," गवंडीण म्हणाली. तिच्या तोंडी हे शब्द असे आले, की कुणी दुसरंच बोललं असावं. "हसायला नको होतं मी."

"माझ्या मनात काही नाही," घड्याळवाला अगदी शांतपणे म्हणाला. "मी राग धरत नाही कुणावर. नियम आहे. दारापाशी हजर राहा."

"म्हणजे उद्या मिळेल?"

"हजर राहिलात तर."

दुसऱ्या दिवशीही मिळालं नाही. मात्र त्या दिवसापासून पाटावर हसणं बंद झालं. तो आला की माणसं गप्प व्हायची. ज्यांची पाळी चांगली चालली होती, तेही घड्याळाची तारीफ करायला लागले. कुणी म्हणायचं, "काय चकचकीत ठेवलंय!" माझं ऐकाल तर त्या महिन्यात पक्षीसुद्धा पाटावरून उडताना आधी खाली बघून घेत.

गवंडिणीनं संस्थेत तक्रार केली. अध्यक्षांनी घड्याळवाल्याला विचारलं. त्यानं एकेक पाळी तोंडपाठ सांगितली. कोणता नियम मोडला? एकही नाही. पैसा खाल्ला? नाही. स्वतःचं शेत भिजवलं? सगळ्या गावाला दिसत होतं की त्याचा कोबी उघडा पडलाय.

"बाई, माणूस चोख आहे," अध्यक्ष तिला म्हणाले. "तुम्हीच जरा वेळेवर राहत जा."

तिची मिरची तोवर उभ्या उभ्या वाळली होती.

हंगाम संपला. आता कायम करायचं होतं. पुन्हा अध्यक्ष, पुन्हा सुतारकाका आणि चहाच्या वासानं मी. दारापाशी गवंडीणही येऊन उभी राहिली. तिला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हणायचीही कुणाला इच्छा झाली नाही. खोली तशीच. फळी तशीच. आजी जरा आणखी लहान झाली होती, पांघरूण तेवढंच.

अध्यक्ष दमलेले होते. सगळेच होतो. त्यांनी बसताच विचारून टाकलं, "बोल सूनबाई. नेहमीचंच. याच्या हाती पाणी द्यावं का?"

सून दारात उभी होती. हात सालपटलेले, नखांत माती. त्या दिवशीच तिनं वाळलेला कोबी उपटायला सुरुवात केली होती.

"मागच्या वेळी मी सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही हसलात. आता आईंना विचारा."

"त्यांना काय विचारायचं?"

"नियम आहे ना? त्याही यांच्या हाताखालीच जगतात."

अध्यक्षांना हसावं की रागवावं कळेना. ते खाटेकडं वळले, जरा मोठ्यानं म्हणाले, "आजी! ऐकू येतं ना? तुमच्या मुलाच्या हाती पाणी द्यावं का?"

आजीचे ओठ हलले. आधी नुसतेच. जीभ ओठांवरून फिरली, पण तीही कोरडीच. मग म्हातारी म्हणाली, "पाणी?"

"हो, पाणी."

"द्या की."

अध्यक्षांनी समाधानानं आमच्याकडं पाहिलं. पण आजीचं बोट पांघरुणातून बाहेर आलं होतं. ते फळीकडं होतं.

"द्या की थोडं," ती म्हणाली.

सुतारकाका उठले. त्यांचा हात तांब्यापर्यंत पोचलाही असेल. आणि भिंतीला टेकलेला घड्याळवाला, मनगट वर करून, ज्या आवाजात तो पाटावर बोलायचा त्याच आवाजात, न चिडता, न ओरडता म्हणाला,

"आत्ता नाही. तिची वेळ गेली."

हे शब्द आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी बंद दारासमोर उभं राहून ऐकले होते. अध्यक्षांनीही, एकदा, खालच्या तुकड्यावर. दारातल्या गवंडिणीनं पदर तोंडाशी धरला. हसायला नव्हे. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आणि तिच्या आत म्हातारीचं कोरडं गिळणं.

सुतारकाकांनी तांब्या काढला. फुलपात्र भरलं, आजीच्या मानेखाली हात घातला. ती प्यायली. पुन्हा भरलं. पुन्हा प्यायली. पाणी हनुवटीवरून पांघरुणावर सांडत होतं आणि घड्याळवाला त्या ओल्या डागाकडं बघत होता.

अध्यक्षांनी हात पुढं केला. "चावी."

"का?" त्याला खरंच समजलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट मी त्याच्या बाजूनं सांगतो. "मी काय चुकलो? एक तरी नियम मोडला का मी? सांगा, एक तरी?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा झाला होता. "एकही नाही. चावी दे."

चहा झालाच नाही. माझ्या आठवणीत अशी ती पहिलीच बैठक.

दुसऱ्या दिवशी सुतारकाका करवत आणि पटाशी घेऊन घड्याळवाल्याच्या घरी आले. तो कामाला गेला होता. काकांनी फळीवर दोनदा टकटक केलं, कान लावला, मान हलवली. "वाळवी," ते म्हणाले. "आतून खाल्लीय. तांब्या कधी डोक्यात पडेल, सांगता येत नाही." त्या फळीला वाळवी असती तर मी माझी उरलेली सगळी वांगी तिला खाऊ घातली असती. पण काकांनी फळी काढली, खुंट्याही उपटल्या, भोकं लिंपली आणि फळी काखेत मारून गेले.

नवा पाटकरी शोधणं चालू झालं. यंदा मात्र मंडळी घरात शिरली की चहाकडं बघत नाहीत, आधी म्हाताऱ्यांच्या खाटेकडं बघतात. ही गोष्ट गावात पसरायला किती वेळ लागणार? ज्याच्या ज्याच्या मनात चावी आहे त्याच्या घरच्या म्हाताऱ्यांच्या उशाशी आता तांबे आलेत. एकानं तर दोन ठेवलेत आणि वर पंखा धरून बायकोला उभं केलंय. सुतारकाका वैतागतात. म्हणतात, लोक लबाड. आहेत खरे. पण लबाडीचं का होईना, म्हाताऱ्या माणसांच्या घशाला पाणी तर लागतंय, एवढं मी बघतो. या लबाडांतून खरा ओळखायचा कसा, ते अध्यक्षांना विचारा. ते अजून घरं फिरतायत.

सुनेनं सगळा कोबी उपटला. तिनं आणि गवंडिणीनं मिळून भारे बांधले, म्हशीपुढं टाकले. म्हैस वाळल्या पानांकडं बघून तोंड फिरवत होती.

"खा गं बये," गवंडीण म्हणाली. "फुकटचं नाही हे."

सून तिथून घरी आली. हातपाय धुतले. आजीच्या उशाशी तांब्या होता, जमिनीवर, हाताला लागेल असा. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सायकल वाजली. खर्र-खर्र. मी भिंतीपलीकडं होतो. मलाही सवय झाली होती, मीही पुढच्या आवाजाची वाट पाहिली.

ती झटक्यानं उठली. वाकून तांब्या उचलला, भिंतीकडं वळली आणि हात वर नेला. तिथं नुसती भिंत होती, लिंपलेल्या भोकांचे ओले ठिपके असलेली.

सायकल अंगणात आली. ती तशीच उभी होती, तांब्या डोक्याच्या उंचीवर धरून. मग हात दुखले असावेत. तिनं तो सावकाश खाली आणला आणि होता तिथंच ठेवला.